घरात सगळे माळकरी असतील तर मांजरीला दूध-भाकरीवर ठेवता येतं का?

तुमची मांजर दहा महिन्यांची, फ्लॅटमध्येच असते, आणि तुम्ही विचारताय की दूध-भाकरी, वरण-भातावर भागेल का. तयार खाद्य दिलंच तर रोज किती द्यावं. नाही भागत. मी हे करून बसलेय.

आमची चिमी जिंतूर तालुक्यातल्या माझ्या माहेरची, माळवदाच्या घरात जन्मलेली. परभणीला फ्लॅटवर आणताना दादा म्हणाला, "आपल्याकडल्या मांजरी दूध-भाकरीवरच जगल्यात. लई लाड करू नको." सासूबाईंच्या गळ्यात माळ, म्हणून मीही ते मानलं. दोन वर्षं तिनं तेच खाल्लं. मग ती दाराच्या चौकटीला धडकायला लागली. भर उन्हातसुद्धा बाहुल्या मोठ्या. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी धरली आणि विचारलं, "हिला खायला काय देता?" डोळ्यांचे पडदे गेले होते. ते परत येत नाहीत.

कारण टॉरिन, म्हणजे मांजरीला खाण्यातूनच मिळावं लागणारं एक पोषकद्रव्य. मांस, मासळी, उंदरात ते असतं. ज्वारीत, तुरीत नसतं, दुधात नावापुरतं. आपलं शरीर ते बनवतं, मांजरीला पुरेसं बनवता येत नाही. ते कमी पडलं की नजर जाते हे 1975 सालीच कळलं होतं. हृदयही ढिलं पडतं, हे 1987 साली अमेरिकेत सिद्ध झालं. त्यानंतर तयार खाद्यातलं टॉरिन वाढवलं गेलं.

दादा अजून म्हणतो, वयानं गेली नजर. चिमी तेव्हा तीन वर्षांचीही नव्हती! आणि गावाकडच्या मांजरी दूध-भाकरीवर जगल्याच नाहीत. बळदातल्या, कडब्याच्या गंजीतल्या उंदरांवर जगल्या. दूध आपण घालायचो म्हणून तेवढंच दिसलं. तिसऱ्या मजल्यावर तिला उंदीर कोण आणून देणार होतं, दादा?

माळेचं म्हणाल, तर सासूबाईच म्हणाल्या, "तिला देवानंच तसं घडवलंय, तिचं तिला द्या." आता गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं आहे.

पण नुसतं उकडलेलं चिकनही पुरत नाही, त्यात कॅल्शियम नसल्यासारखंच. मुख्य जेवण तयार खाद्याचंच ठेवा, मांजरीचं, कुत्र्याचं नव्हे. किती ते पाकिटावर वजनाप्रमाणे दिलेलं असतं. कांदा-लसणाच्या फोडणीचं वरण तर बंदच करा, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजलेली हाडं नकोत. मोठ्या मांजरींना दूध बहुधा पचत नाही, जुलाब होतात. बदल आठवडाभरात हळूहळू करा; उपाशी ठेवून सवय लावू नका, दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणानं यकृत बिघडतं.

नजर रक्तदाबानंही जाते, म्हणून आम्ही चिमीचा तोही तपासून घेतला होता. तो ठीक निघाला. हे दादाला तेव्हाही सांगितलं होतं.