सीमेपलीकडे फेकलेला भाला

प्रश्न : प्राचीन रोममध्ये युद्ध जाहीर करण्याचे काम सेनापतीकडे नसून पुरोहितांकडे होते आणि ते शत्रूच्या हद्दीत भाला फेकून युद्ध पुकारत, असे वाचनात आले. हे खरे आहे काय? खरे असल्यास त्यामागे श्रद्धा होती, की आधीच ठरलेल्या युद्धाला दिलेला तो धार्मिक मुलामा होता? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. मात्र भाला हा त्या विधीचा अगदी अखेरचा भाग होता आणि नेमका तोच लक्षात राहत असल्यामुळे त्याआधीचा महिनाभराचा, माझ्या मते अधिक महत्त्वाचा, भाग विसरला जातो.

रोममध्ये या कामासाठी वीस पुरोहितांचे एक मंडळ होते. त्यांना ‘फेतियालेस’ म्हणत आणि त्यांचे पद तहहयात असे. युद्ध पुकारणे आणि तहाला शपथेचे बंधन घालणे ही दोन्ही कामे त्यांचीच होती. तहाच्या वेळी त्यांचा प्रमुख गारगोटीच्या हत्याराने डुक्कर मारत असे आणि हा करार रोमने आधी मोडला तर ज्युपिटर या रोमनांच्या प्रमुख देवाने रोमन लोकांवर असाच प्रहार करावा, असे म्हणत असे. युद्धाचा विधी समजून घेताना ही शपथ ध्यानात ठेवावी लागते, कारण ज्या देवाला करारासाठी साक्षी ठेवले त्याच देवापुढे कराराचा भंग मांडायचा, हा दोन्ही विधींना जोडणारा धागा आहे.

युद्धाच्या विधीचे सविस्तर वर्णन पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात लिहिणाऱ्या लिव्ही या इतिहासकाराने केले असून त्याचे श्रेय तो आंकुस मार्किउस या रोमच्या चौथ्या राजाला देतो. त्याच्या वर्णनानुसार, शेजारच्या लोकांनी काही आगळीक केली असेल, तर पुरोहित डोक्यावर लोकरीची पट्टी घेऊन सीमेवर जाई आणि ज्युपिटरला, त्या सीमांना आणि साक्षात धर्माला ‘ऐका’ असे आवाहन करून, कोणती माणसे आणि कोणत्या वस्तू रोमच्या स्वाधीन कराव्यात याची मागणी मांडत असे. त्यानंतर तो स्वतःलाच शाप देई: ही मागणी अन्यायाची आणि अधर्माची असेल, तर मला माझ्या मातृभूमीत पुन्हा कधीही नांदू देऊ नकोस. हेच शब्द, थोडेफार बदलून, तो सीमा ओलांडताना म्हणे, वाटेत भेटणाऱ्या पहिल्या माणसापुढे म्हणे, नगराच्या वेशीतून आत शिरताना म्हणे आणि शेवटी भर चौकात म्हणे.

मग मुदत सुरू होत असे. लिव्ही ती 33 दिवसांची सांगतो. तेवढ्या अवधीत मागणी पुरी झाली नाही, तर हे लोक अन्यायी आहेत आणि आपले देणे चुकते करीत नाहीत, याला स्वर्गातील, पृथ्वीवरील आणि पाताळातील देवांना साक्षी ठेवून पुरोहित रोमला परत येई. निर्णय राजा आणि वडीलधाऱ्यांची सभा घेत असे. कौल युद्धाचा पडला, तर पुरोहित लोखंडी पात्याचा किंवा टोक आगीत भाजून कठीण केलेला भाला घेऊन पुन्हा सीमेवर जाई आणि किमान तीन प्रौढ पुरुषांच्या समक्ष युद्धाचे शब्द उच्चारून तो पलीकडे फेकत असे.

आपल्याकडील वाचकाला येथे उद्योगपर्वातील कृष्णशिष्टाई आठवणे स्वाभाविक आहे. पण कृष्ण समेटासाठी गेला होता आणि पांडवांची मागणी पाच गावांपर्यंत खाली आली होती. रोमन पुरोहिताला मागणीत तिळमात्र कपात करण्याचा अधिकार नव्हता. तो बोलणी करायला नव्हे, तर फिर्याद गुदरायला जात असे. हक्काची मागणी, साक्षीदार, मुदत, न फेडलेले देणे, ही सारी भाषा न्यायालयातील आहे. रोमन मनाला युद्ध ही त्या दाव्यातील वसुली वाटत होती आणि देव हे साक्षीदारही होते व न्यायाधीशही.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. श्रद्धा की मुलामा, या दोहोंतून एक निवडणे मला योग्य वाटत नाही. फिर्यादीच दाव्याचा खरेखोटेपणा ठरवीत असल्यामुळे हा विधी रोमला लढाईपासून क्वचितच रोखू शकला असेल. कोणतेही युद्ध रीतसर मागणी किंवा घोषणा केल्याखेरीज न्याय्य ठरत नाही, हे सिसेरो या रोमन वक्त्याने व विचारवंताने याच पुरोहितांच्या धर्मनियमाचा आधार घेऊन सांगितले आहे. पण रीत पाळली म्हणजे कारणही न्याय्य होते, असे नाही. तरीही तो निव्वळ देखावा असता, तर अडचणीच्या वेळी रोमनांनी तो बिनदिक्कत सोडून दिला असता. तसे घडले नाही. इ.स.पू. 137 मध्ये स्पेनमधील नुमांतिया येथे कोंडीत सापडलेल्या मान्किनुस या कॉन्सलने, म्हणजे वर्षासाठी निवडलेल्या रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एकाने, शपथेवर तह करून आपले सैन्य वाचवले. सिनेटने, म्हणजे रोमच्या वडीलधाऱ्यांच्या सभेने, तो तह नाकारला. शपथभंगाचे पातक राष्ट्राला लागू नये म्हणून पुढच्या वर्षी त्या कॉन्सललाच विवस्त्र करून, हात मागे बांधून, याच मंडळातील पुरोहिताकरवी नुमांतियाच्या वेशीपुढे शत्रूच्या हवाली करण्यात आले. नुमांतियाच्या लोकांनी त्याला स्वीकारण्यास नकार दिला. ही तोड क्रूर होती आणि सोयीची तर होतीच. पण ज्यांना देवांचे भय नाही, ते आपल्याच कॉन्सलला असे शत्रूच्या दारात नेऊन उभे करणार नाहीत.

प्रश्न : शत्रू समुद्रापलीकडे असेल तर भाला कसा फेकत? ही प्रथा कधीपर्यंत टिकली? (एक वाचक, पणजी)

उत्तर : हीच अडचण इ.स.पू. 280 च्या सुमारास ग्रीसमधील एपिरसचा राजा पिऱ्हस याच्याशी झालेल्या युद्धात आली. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यावर सर्व्हिउस या भाष्यकाराने लिहिलेल्या भाष्यात याची हकिकत आहे. पिऱ्हसच्या एका पकडलेल्या सैनिकाला रोममध्येच जमिनीचा एक तुकडा विकत घ्यायला लावला, तो तुकडा शत्रूचा प्रदेश मानला आणि तेथे भाला फेकून विधी पुरा केला. पुढे बेलोना या युद्धदेवतेच्या मंदिरासमोर, नगराच्या पवित्र सीमेबाहेर, एक स्तंभ होता व त्याच्यावरून भाला फेकला जाई. शत्रूच्या जमिनीचा रीतसर खरेदीव्यवहार करण्याइतकी त्यांना विधीच्या अक्षराची काळजी होती, हे मला फार बोलके वाटते.

कालांतराने मागणी घेऊन जाण्याचे काम सिनेटच्या दूतांकडे गेले आणि पुरोहितांकडे सल्ला उरला. इ.स.पू. 200 मध्ये मॅसिडोनियाचा राजा फिलिप याच्यावर युद्ध पुकारताना घोषणा खुद्द राजापुढे करावी, की त्याच्या राज्यातील सर्वांत जवळच्या ठाण्यावर केली तरी चालेल, असा प्रश्न त्यांना विचारण्यात आला. दोन्ही रीती योग्य आहेत, असे उत्तर त्यांनी दिले.

इ.स.पू. 32 मध्ये ऑक्टेव्हियनने, म्हणजे पुढे ऑगस्टस झालेल्या त्याच सम्राटाने, बेलोनाच्या मंदिरापुढे स्वतः पुरोहित म्हणून हा विधी केला. घोषणा इजिप्तची राणी क्लिओपात्रा हिच्याविरुद्ध होती. तिच्या बाजूने असलेला ऑक्टेव्हियनचा रोमन प्रतिस्पर्धी अँटनी याचे नाव त्यात नव्हते, म्हणजे नागरिकांमधील यादवीला परकीयांशी युद्धाचे रूप मिळाले. भाल्याचा विधी त्यानेच जुन्याच्या नावाने नव्याने रचला असावा, असा संशय काही अभ्यासकांनी घेतला आहे आणि लिव्हीचे वर्णनही त्याच पिढीतले असल्यामुळे तो सहज झटकून टाकता येत नाही. इ.स. 178 मध्ये डॅन्यूबच्या मोहिमेवर निघण्यापूर्वी सम्राट मार्कस ऑरेलियसने बेलोनाच्या मंदिरात ठेवलेला रक्ताळलेला भाला शत्रूच्या भूमीच्या नावाने फेकला. आपण ही गोष्ट तेथे हजर असलेल्यांच्या तोंडून ऐकली, असे इतिहासकार कॅसिउस डिओने नोंदवले आहे. ती खरी शत्रूभूमी तेथून शेकडो किलोमीटर उत्तरेला होती.