स्ट्राइक म्हणजे फटका नव्हे

प्रश्न : मुलीच्या शाळेत बेसबॉल सुरू झालाय. बॅटला चेंडू लागला नाही की पंच 'स्ट्राइक' म्हणतात. स्ट्राइक म्हणजे फटका ना? आणि खराब चेंडूला नुसतं 'बॉल' का?

उत्तर : फटका अजिबात नव्हे. 'तीन फटके झाले की खेळाडू बाद' हे वाक्य मी नवशिक्यांसाठीच्या एका मराठी नियमपत्रकात छापलेलं पाहिलंय. फटके मारले म्हणून कुणी बाद होतं का? संप, हवाई हल्ला वगैरे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडू.

न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ मध्ये नियम लिहून काढले, त्यांत फलंदाजाला 'स्ट्रायकर' म्हटलंय. हा शब्द आपल्याला परका नाही, क्रिकेटमध्ये तो अजून नांदतोय. तीन चेंडूंवर बॅट फिरवली, तिन्ही हुकले आणि शेवटचा झेलला गेला, तर स्ट्रायकर बाद. म्हणजे मोजला जात होता तो प्रयत्न. पुढे काही जण मनासारखा चेंडू येईपर्यंत बॅट खांद्यावरून हलवेचनात, म्हणून १८५८ मध्ये पंचाला अधिकार मिळाला : चांगला चेंडू सोडलास, तरी स्ट्राइक धरणार. आज तर फाउल गेलेला, म्हणजे बॅटला लागून मैदानाच्या आखलेल्या रेषांबाहेर गेलेला चेंडूही पहिल्या दोन स्ट्राइकपर्यंत स्ट्राइकच धरतात. लागला तरी स्ट्राइक, हुकला तरी स्ट्राइक, सोडला तरी स्ट्राइक!

यासाठी मराठीत नेमका शब्द आहे : वार. फटका बसतो, टोला बसतो. वार मात्र हुकतो, चुकवता येतो, फुकट जातो. लागणं हे फटक्याच्या अर्थातच आहे, वाराच्या नाही. 'तीन वार वाया गेले की बाद' म्हणा, मुलांना एका दमात कळेल. आणखी एक गंमत. जुन्या इंग्रजीत 'स्ट्रीकन' म्हणजे हलकेच फिरवणं, घासून जाणं. जर्मनमध्ये 'श्ट्रायखेन'चा अर्थ आजही तसाच आहे. मारण्याचा अर्थ नंतर चिकटला. हवेतून नुसती फिरलेली बॅट त्या मूळ अर्थाला जास्त जवळची आहे, असं मला ठामपणे वाटतं. कोशकार हा धागा जोडत नाहीत. त्यांनी जोडायला हवा.

'बॉल'चं थोडक्यात : ठरवून दिलेल्या टप्प्याबाहेर टाकलेला आणि फलंदाजाने बॅट न फिरवता सोडलेला चेंडू. असे चार झाले की फलंदाज चालत पहिल्या बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या पहिल्या थांब्यावर. चारचा आकडा १८८९ पासूनचा. तीन गडी बाद झाले की संघाची पाळी संपते, आणि दोन्ही संघांच्या अशा नऊ-नऊ पाळ्या.

पण खरं रत्न गुणपत्रकात आहे. स्ट्राइकवर बाद झालेल्याच्या नावापुढे 'के' लिहितात. हा 'नॉकआउट'चा के, असं काही क्रीडापंडित छातीठोकपणे सांगतात. साफ चूक! हेन्री चॅडविक या इंग्लंडात जन्मलेल्या पत्रकाराने ही चिन्हं बसवली. 'एस' त्याने 'सॅक्रिफाइस'साठी (स्वतः बाद होऊन साथीदाराला पुढच्या बेसवर नेणं) वापरला होता, म्हणून 'स्ट्रक' या शब्दाचं शेवटचं अक्षर घेतलं. आणि शेवटच्या चेंडूवर बॅट न फिरवताच बाद झालेल्यापुढे तोच 'के' उलटा लिहितात. वार केला की नुसता पाहत राहिला, हा फरक 'स्ट्राइक' शब्दाने कधीच पुसून टाकला. त्या उलट्या अक्षराने तो राखलाय.