गाणं कोणाचं, अँप कोणाचा?

वाचकहो, या वेळी बँडवाल्या पोरांची पत्रं एवढी आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलतोय. पहिलं पत्र फोंड्याचं आहे, त्याला जरा जास्त जागा दिलीय, कारण तोच प्रश्न थोड्याफार फरकाने अजून चार जणांनी विचारलाय.

प्रश्न : सर, आम्ही चौघं दहावीपासून एकत्र वाजवतो. गिटार, बास, ड्रम्स, कीबोर्ड. पॉप-रॉक करतो. आता बारावीला आहोत, सगळे सतरा वर्षांचे. दहा-बारा कव्हर्स (दुसऱ्यांची गाजलेली गाणी) बसलीत आणि स्वतःची तीन गाणी आहेत, दोन मराठी, एक कोकणी. पण आता शब्द लिहिणारा मित्र म्हणतो गाणी माझ्या एकट्याच्या नावावर रिलीज होणार. अँप (आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) आणि ड्रमसेट कीबोर्डवाल्याच्या बाबांनी घेऊन दिलाय, तर तो म्हणतो मी सांगेन तिथेच वाजवायचं. वर एका कॅफेने दर शनिवारी बोलावलंय पण त्यांना फक्त कव्हर्स पाहिजेत. बँड फुटणार असं वाटतंय. काय करू?

उत्तर : तुझं पत्र वाचलं आणि उठून माळ्यावरून आमची जुनी वही काढली. दोनशे पानी, कव्हर गेलेलं, पहिल्या पानावर बँडचं नाव तीनदा लिहून तीनदा खोडलेलं. आम्हीपण चौघंच होतो, मडगावला, एकाच्या घराच्या मागच्या पडवीत सराव चालायचा. अँप सेकंडहँड होता, त्याचं व्हॉल्यूमचं बटण तुटलेलं, ते पकडीने फिरवायला लागायचं आणि पकड सापडली नाही की त्या दिवशीचा सराव गेला. त्या वहीत सगळा हिशेब आहे. केबल ६० रुपये, पेट्रोल ३०, चहा ६. चहाचे सहा रुपयेसुद्धा लिहिलेत बघ, पण गाण्याची चाल कोणी बांधली हे त्या दोनशे पानांत एकदाही लिहिलेलं नाही.

आणि आमचं नेमकं तिथेच बिनसलं. किनाऱ्यावरच्या एका शॅकवर (झोपडीवजा हॉटेलात) चार रात्री वाजवलं, मालकाने दोनच रात्रींचे पैसे दिले, त्याच्याशी बोलायला कोणी जायचं यावरून वाद झाला, आणि त्याच आठवड्यात कळलं की आमच्यातल्या एकाने आमची एक चाल दुसऱ्या बँडला दिलीय. त्याचं म्हणणं चाल माझीच होती. असेलही. मला आजही ठामपणे सांगता येत नाही, कारण ती चाल पडवीत चौघं बसलेले असताना झाली होती. दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. आता चवथीला एकमेकांच्या घरी जातो, सगळं ठीक आहे, पण एकत्र वाजवलं नाही ते नाहीच. म्हणून तुला कळकळीने सांगतोय, बाकी काही करायच्या आधी येत्या रविवारी चौघांनी एक वही घेऊन बसा.

आता तुझ्या मित्राचं म्हणणं. एका गाण्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात: शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग, आणि १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात तिन्हींचे हक्क वेगळे आहेत. शब्द त्याने लिहिले असतील तर ते त्याचेच, यात वाद घालू नका, तो चुकीचं बोलत नाहीये. पण शब्द त्याचे म्हणून चाल त्याची होत नाही. हक्क गाणं तयार झालं की आपोआप येतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि शब्द-चालीचा हक्क करणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे तुमच्या नातवंडांपर्यंत जाणारी गोष्ट आहे ही, आणि तुम्ही ती वडापाव खाता खाता तोंडी ठरवताय.

माझं मत विचारशील तर शब्दांवर त्याचं नाव घाला आणि चाल चौघांच्या नावावर सारखी. कोण किती वाजवतं ते मोजत बसू नका. यू टू हा बँड बघ, १९७६ मध्ये डब्लिनमध्ये चौदा वर्षांच्या लॅरी मलनने शाळेच्या फलकावर चिठ्ठी लावली की बँड काढायचाय, पहिला सराव त्याच्या घरच्या स्वयंपाकघरात झाला. त्यांच्या गाण्यांवर संगीत म्हणून बहुतेक सगळीकडे बँडचंच नाव असतं. तेच चौघं चाळीसहून जास्त वर्षं एकत्र राहिले, त्यात या एका गोष्टीचा मोठा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं, कारण माझी चाल घेतली की त्याची घेतली हे भांडणच उरत नाही, जी चांगली ती घ्या.

आणि आपण गोंयकारांनी तर नावाची काळजी जास्तच घ्यायला हवी. मुंबईच्या सिनेसंगीतात आपल्या किती लोकांनी हाडाची काडं केली, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, हळदोण्याचे चिक चॉकलेट, सेबास्तियन डिसोझा, चर्चच्या शाळेत सोल्फा (पाश्चात्त्य सा-रे-ग-म) शिकून गेलेली माणसं, अख्ख्या ऑर्केस्ट्राचं नोटेशन लिहायची. पण रेकॉर्डच्या कव्हरवर अरेंजरची (कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते बसवणाऱ्याची) नावं फारशी छापली गेलीच नाहीत. मला ते फार लागतं. म्हणून ज्या दिवशी गाणं झालं त्याच रात्री वहीत तारीख, गाण्याचं नाव, कोणी काय केलं, खाली चौघांच्या सह्या, आणि त्या पानाचा फोटो चौघांच्या फोनमध्ये.

एक मात्र लक्षात ठेवा, १८ पूर्ण नसलेल्याने केलेला करार १८७२ च्या करार कायद्यात टिकत नाही. म्हणजे तुमची वही म्हणजे कोर्टाचा कागद नाही, ती आठवण राहावी म्हणून. अठरा झाल्यावर वकिलाला दाखवून नीट करून घ्या. तोपर्यंत कॅफेवाल्याशी जे लेखी होईल ते आईबाबांपैकी कोणीतरी बोलून करायचं, आणि ठरलेले पैसे मेसेजवर तरी लिहून घ्यायचे, आमच्यासारखं तोंडी नको.

अँपचं सोपं आहे. तो कीबोर्डवाल्याच्या बाबांचा आहे, बँडचा नाही, हे मान्य करा आणि त्यांना जाऊन थँक्यू म्हणा, कोणी म्हटलं नसेल बहुतेक. मग प्रत्येक कार्यक्रमाच्या पैशातला पाचवा हिस्सा बँडचा म्हणून बाजूला काढा, चार तुमचे, पाचवा वहीचा, आणि त्यातून पुढचा अँप बँडच्या नावाने घ्या. ज्याच्या घरचं सामान आहे त्याला कुठे वाजवायचं ते ठरवायचा जास्तीचा हक्क नाही, पण सामान नेताना-आणताना जपायचा भार चौघांवर आहे. दोन्ही गोष्टी वहीत लिहा.

कॅफेचं बोलावणं घ्या. कव्हर्स वाजवण्यात कमीपणा नाही, बीटल्स १९६० मध्ये हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्ररात्र दुसऱ्यांचीच गाणी वाजवत होते आणि तिथेच त्यांचा हात बसला. (जॉर्ज हॅरिसन तेव्हा सतराचा होता, वय कमी म्हणून त्याला तिथून घरी पाठवलं होतं, तेव्हा तुम्हीपण कॅफेत बार आहे का, संपणार किती वाजता हे घरी नीट सांगूनच जा.) पण मालकाला आधीच सांगा की दर तीन कव्हर्समागे एक गाणं आमचं. तो ऐकतो बहुतेक वेळा. आणि आपलं गाणं शेवटी ठेवू नका, तोपर्यंत लोक बिल मागवून उठलेले असतात, लोकांना माहीत असलेल्या दोन गाण्यांच्या मध्ये घाला. मे महिन्यापर्यंत हे करा, पावसात सीझन थंड असतो तेव्हा दारं लावून नवी गाणी करा. स्वतःची पंचवीस-तीस मिनिटं भरतील एवढी गाणी झाली की मग तो तुमचा बँड, त्याआधी कोणी मोठं स्टेज देतो म्हणालं तरी घाई नको. बारावीचा अभ्यास आहे हे मला माहीत आहे, आठवड्यातून एकच सराव ठेवा पण तो चुकवू नका.

प्रश्न : मुलगा अकरावीला आहे, मित्रांबरोबर आमच्या गॅरेजवरच्या खोलीत बँडचा सराव करतो. शेजारी तक्रार करतात. अंड्याचे ट्रे भिंतीला लावले तरी आवाज जातोच. बंद करायला सांगू का? मन होत नाही. (एक आई, डिचोली)

उत्तर : ताई, बंद नका करू. अंड्याच्या ट्रेने खोलीतला घुमणारा आवाज थोडा कमी होतो, बाहेर जाणारा नाही. आवाज जातो दाराखालच्या फटीतून, खिडकीतून आणि बास-ड्रमचा तर जमिनीतून. दाराला खाली रबराची पट्टी लावून घ्या, खिडकीला आतून जाड गादी, आणि ड्रमसेट जुन्या सतरंज्यांवर नाहीतर रबरी मॅटवर ठेवा, एवढ्यानेच फरक पडेल. एकटा ड्रमर सराव करत असेल तर प्रॅक्टिस पॅडवर करू दे.

वेळ ठरवून द्या, संध्याकाळी पाच ते सात वगैरे, आणि पोरांनी स्वतः शेजाऱ्यांच्या दारात जाऊन ती सांगायची, तुम्ही नाही. नियमाने रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंदच, आणि रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, म्हणजे शेजाऱ्यांची तक्रार खोटी नाही.

मला त्याहून काळजी मुलांच्या कानांची वाटते. ८५ डेसिबलला कान आठ तास सहन करतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, १०० ला फक्त पंधरा मिनिटं राहतात. बंद खोलीत ड्रम्स सहज शंभरच्या वर जातात. कानात शीं-शीं वाजतंय असं तो सरावानंतर कधी म्हणाला तर ते मनावर घ्या. इयरप्लग महाग नसतात, चौघांना घेऊन द्या, वाढदिवसाची वाट बघू नका.

प्रश्न : आमच्या बँडचं पहिलं गाणं रेकॉर्ड झालंय. कंपनी नाही, ओळख नाही. ॲप्सवर कसं टाकायचं, पैसे किती मिळतात? (पेडणे)

उत्तर : कंपनी लागत नाही. डिस्ट्रिब्युटर म्हणून ज्या सेवा असतात त्या तुमचं गाणं सगळ्या ॲप्सवर पोचवतात, काही वर्षाचे पैसे घेतात, काही कमाईतला हिस्सा. गाण्याला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरी-आकडी कोड मिळतो, तो वहीत लिहून ठेवा, पुढे डिस्ट्रिब्युटर बदलला तर तोच कोड द्यायचा म्हणजे आधीचे प्ले वाया जात नाहीत. पैशाची आशा सध्या धरू नका, स्पॉटिफायवर तर मागच्या बारा महिन्यांत १००० वेळा गाणं ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याचे पैसे धरतच नाहीत. शब्द आणि चाल करणाऱ्यांनी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्यावं. आणि कोणी म्हणालं आम्ही गाणं लावतो, तुमची रॉयल्टी कायमची आम्हाला लिहून द्या, तर सही करू नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा असा विकत घेता येत नाही.

ओळख नाही म्हणता, तर आपल्या शिवोलीच्या रेमो फर्नांडिसनी १९८४ मध्ये पहिला अल्बम घरीच चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केला आणि स्कूटरवरून गोवाभर फिरून दुकानांत स्वतः कॅसेट पोचवल्या. तुमच्या हातात फोन आहे पण ती स्कूटर अजून लागतेच. पेडण्यापासून काणकोणपर्यंत ज्या कॉलेजात, ज्या फेस्ताला, ज्या गणेशोत्सवात उभं राहायला जागा मिळेल तिथे जा, ऐकणाऱ्याचा नंबर घ्या, पुढच्या गाण्याला त्याला स्वतः कळवा. शंभर माणसं अशी जमली की ती सोडून जात नाहीत.

प्रश्न : आम्हाला बँडमध्ये घुमट (आपलं मातीचं तालवाद्य) घ्यायचाय. ड्रम्सपुढे ऐकूच येत नाही. माइक कसा लावायचा? (वाळपई)

उत्तर : हे पत्र वाचून फार बरं वाटलं. आधी ड्रमरला सांगा, घुमट वाजेल तेव्हा टॉम्सना (सेटमधल्या मधल्या ढोलांना) हात लावू नको, दोघांचा आवाज एकाच जागेत बसतो, हायहॅट (झांजांची जोडी) आणि किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) पुरे. घुमटाला दोन तोंडं, मोठ्यावर चामडं आणि मागचं लहान उघडं, डावा हात ते मागचं तोंड उघड-झाक करून आवाज वळवतो. एकच माइक असेल तर मागच्या तोंडापासून वीतभर लांब, हाताला लागणार नाही असा. दोन असतील तर एक चामड्याकडे, एक मागे, आणि मिक्सरवर एकाची फेज (आवाजाच्या लहरीची दिशा) उलटी करून ऐका, नाहीतर दोन्ही एकमेकांना खातात आणि घुमट पोकळ वाटतो.

चामडं बकऱ्याचंच घ्या, घोरपडीचं बाळगणं गुन्हा आहे. दमट हवेत ते सैल पडतं, म्हणून वाजवायच्या आधी उन्हात ठेवायचं, पाऊस असेल तर निखाऱ्यावर लांबून शेकायचं. गावात आरतीला जे जाणते घुमट वाजवतात त्यांना एकदा सरावाला बोलवा, चहा-पाव ठेवा, शांत बसून ऐका. त्यांनी एखादा ठेका बसवून दिला तर त्या दिवशीच्या पानावर त्यांचं नावपण येऊ दे.