निर्दोष कैद्यांसाठी पाच लाख : द्या, पण एकरकमी नको

प्रश्न : मी 63 वर्षांची निवृत्त शिक्षिका. पेन्शन महिना 42,000 रुपये. ठेवी 21 लाखांच्या, त्यांचं व्याज वर्षाला सुमारे 1,46,000. घर स्वतःचं, महिन्याचा खर्च 34,000. चुकीने शिक्षा झालेल्या कैद्यांचे खटले लढवणाऱ्या एका संस्थेला ठेवींतले 5 लाख द्यायचे आहेत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला मुलगा 2 लाख घालतो म्हणतो. 80जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत मिळेल ना?

उत्तर : तुमचा निर्णय मला पटतो आणि तो तुम्हाला झेपणाराही आहे. पाच लाख गेले तर 7 टक्क्यांनी महिन्याला जेमतेम 2,900 रुपये व्याज कमी होईल, आणि पेन्शनमधूनच तुमचा खर्च भागतो. मात्र उरलेल्या 16 लाखांतले 5 लाख आजारपणासाठी वेगळे काढा, त्याला हात लावू नका.

80जीचा विचार सोडून द्या. तुमचं एकूण उत्पन्न 6,50,000. नव्या करप्रणालीत त्यावर कर शून्य. देणगीची वजावट फक्त जुन्या प्रणालीत मिळते, तीही इतर वजावटी जाऊन उरलेल्या उत्पन्नाच्या (तुमच्या बाबतीत 5,50,000) 10 टक्के मर्यादेत आणि त्याच्या निम्मी. म्हणजे पाच लाख देऊनही तुमच्या हिशेबात 27,500 च वजा होतील आणि वर सुमारे 15,000 रुपये कर भरावा लागेल.

आता खरा मुद्दा. हे खटले वर्षानुवर्षं चालतात. महाराष्ट्रातल्या 2003 च्या एका गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी ठरवली. त्याच न्यायालयाने 2019 मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं. मध्ये दहा वर्षं गेली. देणग्या येतात त्या निकालाची बातमी झळकली की, आणि खर्च असतो तो मधल्या, कुणाचंच लक्ष नसलेल्या वर्षांत.

तुरुंगातल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या कायद्याने दिला आहे. पैसा लागतो तो वकिलाच्या हातात पुरावा देण्यासाठी : सत्र न्यायालयातल्या कागदांच्या प्रमाणित प्रती, दिल्लीतल्या सर्वोच्च न्यायालयासाठी शेकडो मराठी पानांचं इंग्रजी भाषांतर, स्वतंत्र न्यायवैद्यक तज्ज्ञाचं मत, गावोगावचा प्रवास. पुण्यातल्या 1994 च्या खून खटल्यातला फाशीचा कैदी 2023 मध्ये सुटला, कारण गुन्ह्याच्या वेळी तो अवघा साडेबारा वर्षांचा होता. ते सिद्ध झालं राजस्थानातल्या एका शाळेच्या रजिस्टरवरून. असं रजिस्टर कुणीतरी जाऊन शोधावं लागतं.

म्हणून एक लाख आत्ता द्या आणि उरलेल्या चार लाखांच्या एक, दोन, तीन, चार वर्षं मुदतीच्या चार ठेवी करा. संस्थेला पाच वर्षांचा शब्द लेखी कळवा, म्हणजे त्यांना भाषांतरकार किंवा तपास करणारा माणूस धीराने नेमता येईल. दर वर्षी पैसे पाठवण्याआधी ताळेबंद मागवा. किती खटले हातात आहेत आणि कागदपत्रं, प्रवास, तज्ज्ञ यांवर किती गेले, हे विचारा. फक्त सुटकांचा आकडा विचारू नका. त्या आकड्यासाठी संस्था सोपेच खटले घेऊ लागतात.

मुलाचं वेगळं. तो परदेशी नागरिक, म्हणून भारतीय वंशाचा असला तरी त्याचे पैसे परदेशी देणगीत मोडतात. संस्थेकडे एफसीआरए नोंदणी, म्हणजे परदेशी देणग्या घेण्याची सरकारी परवानगी हवी आणि रक्कम तिच्या दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतल्या खात्यातच जायला हवी. हे दोन लाख तुमच्या खात्यातून फिरवून देऊ नका, संस्थाच अडचणीत येईल. नोंदणी नसेल तर त्याने ते तुमच्या आजारपणाच्या ठेवीत घालावेत.

शेवटच्या एका लाखासाठी संस्थेशी आधीच बोलून ठेवा : तो सुटून आलेल्या माणसासाठी वापरता येईल का? त्या सहा जणांना प्रत्येकी 5 लाख भरपाई मिळाली. 2003 ते 2019 या सोळा वर्षांच्या हिशेबाने महिन्याला सुमारे 2,600 रुपये, तीही न्यायालयाने सांगितली म्हणून. विधी आयोगाने 2018 मध्ये भरपाईच्या कायद्याची शिफारस केली, कायदा अजून नाही. सुटलेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात आधार कार्ड, बँक खातं, औषधपाणी आणि भाड्याची खोली लागते. ही मदत संस्थेमार्फतच द्या. त्याच्या खात्यात नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षात 50,000 च्या वर जमा झाले, तर सगळी रक्कम त्याचं उत्पन्न धरली जाते.