खिळ्याला तार गुंडाळून सेल जोडला की तो चुंबक का होतो?

चुंबकत्वाची सुरुवात खिळ्यात नाही, तारेतल्या प्रवाहात आहे. १८२० साली डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेडला तारेतून प्रवाह सोडताच शेजारच्या होकायंत्राची सुई हललेली दिसली, तिथून हे नातं कळलं. सरळ तारेचं चुंबकी क्षेत्र, म्हणजे तिच्याभोवतीचा चुंबकाचा प्रभाव, दुबळं असतं. वेढे घातले की सगळ्यांचं क्षेत्र एकाच दिशेने जमा होतं. खिळा त्यात फार मोठी भर घालतो. लोखंडात मुळातच बारीक बारीक चुंबकी भाग असतात, फक्त त्यांची तोंडं दहा दिशांना. वेटोळ्याच्या क्षेत्रात ती एकीकडे वळतात आणि ओढ कित्येक पट वाढते.

प्रवाह तोडला की मऊ लोखंड जवळजवळ सगळं चुंबकत्व सोडून देतं. पोलाद थोडं धरून ठेवतं. मला ही सोडण्याची सोयच सर्वात मोलाची वाटते. भंगार उचलणारी क्रेन, दाराची जुनी घंटा, रिले (विजेने चालणारा स्विच), सगळं त्यावरच चालतं. मोटर आणि स्पीकरमध्येही वेटोळंच असतं.

स्वतः करून बघाच! पुण्यात असाल तर तापकीर गल्लीत वाइंडिंगची तांब्याची तार मिळेल. तिची टोकं सँडपेपरने घासा, वरचा इनॅमलचा थर राहिला तर प्रवाहच जाणार नाही. आणि सेल काही सेकंदच जोडा, तार चांगलीच तापते.