मासिकाच्या मुखपृष्ठावर दिदो हा फॉन्ट वापरतोय. मासिकाचं नाव सुरेख उमटतं, पण १२ पॉइंटच्या लहान ओळींतल्या बारीक रेषा छपाईत तुटतात. दुसरा फॉन्ट घेऊ का?

फॉन्ट बदलू नका, त्याचा कट, म्हणजे ठरावीक आकारासाठी काढलेला आराखडा, बदला. मासिकाचं नाव सुरेख उमटतं आणि त्याच फॉन्टमधल्या १२ पॉइंटच्या ओळी तुटतात, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे तुमच्याकडे मथळ्यासाठी काढलेला कट आहे आणि तोच तुम्ही लहान करून वापरताय. ९६ पॉइंटला नाजूक दिसणारी रेषा १२ पॉइंटला आठपट बारीक होते. शाईला तिथे टिकायला जागाच उरत नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये फर्मां दिदो आणि पार्मामध्ये जांबातिस्ता बोदोनी यांनी अक्षरांचं हे वळण टोकाला नेलं: उभे दांडे भरदार, आडव्या रेषा केसासारख्या, सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांच्या छोट्या पट्ट्या, सरळ आणि सपाट. कागद गुळगुळीत झाला होता, म्हणून ते शक्य झालं. पण तेव्हा प्रत्येक आकाराचा ठसा वेगळा कोरावा लागे आणि कोरणारा लहान आकारात बारीक रेषा थोडी जाड ठेवत असे. संगणकावर एकच आराखडा हव्या त्या मापात ताणता येऊ लागला आणि हे शहाणपण मागे पडलं. अमेरिकन फॉन्टकार जोनाथन हॉफलरने ते परत आणलं. १९९२ साली कला दिग्दर्शक फाब्यँ बारोंने ‘हार्पर्स बझार’ या फॅशन मासिकाचं रूप बदललं, तेव्हा त्या मासिकासाठी हॉफलरने दिदोचे सात कट काढले, ६ पॉइंटपासून ९६ पॉइंटपर्यंत. म्हणूनच तिथे प्रचंड मथळा आणि त्याखालची छोटी ओळ, दोन्हींतली रेषा सारखीच तलम दिसते. मला हे काम फार आवडतं.

तेव्हा आकारानुसार कट असलेलं कुटुंब शोधा. पैसे खर्च करायचे नसतील तर ‘बोदोनी मोदा’ पाहा; त्यात ऑप्टिकल साइझचा अक्ष आहे, म्हणजे अक्षराच्या मापानुसार रेषांची जाडी बदलता येते. ‘प्लेफेअर डिस्प्ले’ही मोफत आहे, पण नावाप्रमाणे तो मथळ्याचाच. शिवाय त्यात दिदोचा थंड ताठपणा नाही, तो जरा गोलसर आणि मऊ आहे.

आणखी एक. फोटोवर पांढरी अक्षरं सोडणार असाल तर जास्त जपा. चार रंगांची शाई चारही बाजूंनी आत सरकते, रजिस्ट्रेशन, म्हणजे चारही रंग एकमेकांवर नेमके बसणं, किंचित हललं तरी बारीक रेषा बुजते. तिथे एक कट खालचा घ्या, म्हणजे २४ पॉइंटच्या ओळीला १६ पॉइंटचा. अक्षरांना स्ट्रोक (कडेभोवतीची रेषा) लावून जाड मात्र करू नका. त्याने बारीक रेषा दुप्पट होते, जाड दांडा जवळपास तसाच राहतो आणि जाड-बारीक रेषांच्या ज्या विरोधासाठी हा टाइप घेतला तोच मरतो.

मथळ्यात अक्षरं जवळ आणा, लहान ओळींत थोडी सुटी ठेवा. किंमत, अंक क्रमांक, फोटोग्राफरचं नाव असला बारीक मजकूर मी सरळ साध्या सॅन्स सेरिफमध्ये लावतो. प्रूफ मात्र ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर, खऱ्या मापात काढून घ्या. पडद्यावर मोठं करून पाहिलेली रेषा नेहमी धडधाकटच दिसते.