ॲप कोणते, त्याआधी प्रश्न कोणता

प्रत्येक धड्यानंतर टॅब्लेटवर चाचणी घेता, गुणही बरे पडतात, तरी पुढच्या पाठात तीच मुले अडतात, तेव्हा दुसरे कोणते ॲप वापरावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ॲप बदलून फारसा फरक पडणार नाही. चाचणीतले प्रश्न आणि चाचणीनंतरची दहा मिनिटे बदलावी लागतील.

दशांश अपूर्णांकांचेच घ्या. ०.३, ०.४५ आणि ०.२८९ यांपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती? ०.२८९ निवडणारा विद्यार्थी दशांशचिन्हानंतरचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचतो, म्हणून त्याला २८९ हे ४५ पेक्षा मोठे वाटतात. ०.३ निवडणाऱ्याने मात्र सहस्रांश दशांशापेक्षा लहान असतो एवढेच धरून, अंक जितके कमी तितकी संख्या मोठी, असा नियम मनाशी बांधलेला असतो. दोघेही चुकले, पण दोघांना समजावण्याची रीत निराळी. हाच प्रश्न ०.६, ०.३५, ०.१२८ असे पर्याय देऊन विचारला, तर दुसरा विद्यार्थी चुकीच्या नियमाने बरोबर उत्तर देतो आणि पडद्यावर हिरवी खूण उमटते. असे फसवे गुण मीही कित्येक वर्षे समाधानाने नोंदवहीत उतरवले आहेत.

तंत्रज्ञानाचा खरा उपयोग इथे होतो: कोणत्या पर्यायाकडे किती मुले वळली, हे तास चालू असतानाच दिसते. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत विद्यार्थी आधी एकट्याने उत्तर देतात. मते विभागलेली दिसली की शेजाऱ्याशी चर्चा करतात आणि मग पुन्हा उत्तर देतात. पहिल्या फेरीनंतर बरोबर उत्तर पडद्यावर दाखवू नये, नाहीतर चर्चा तिथेच संपते. हे हात वर करून किंवा कार्डे दाखवूनही साधते. यंत्रामुळे एकमेकांकडे पाहून हात वर करणे थांबते आणि नोंद राहते, इतकेच.

या चाचण्यांचे गुण अंतिम निकालात धरू नका, आणि वेळेची उलटी मोजणी व गुणानुक्रमाचा फलक बंद ठेवा, कारण त्यामुळे मुले विचार सोडून अंदाज बांधू लागतात. जिथे रीत तपासायची आहे, तिथे बहुपर्यायी प्रश्न पुरत नाहीत. वहीतल्या पायऱ्यांचा फोटो मागवावा आणि त्यातील एखादी चुकलेली पायरी दुसऱ्या दिवशी, नाव झाकून, प्रोजेक्टरवर वर्गासमोर ठेवावी.